एक नोटीस, तीनशे कॉम्प्युटर

काय दोस्तांनो, सहामाही परीक्षा संपली ना? दप्तरं कोपऱ्यात जाऊन पडली असतील! माझ्या भाचीचीही सुट्टी लागली आणि पहिल्याच दिवशी ती तिच्या आईबरोबर, म्हणजे माझ्या ताईबरोबर, ऑफिसात गेली. संध्याकाळी परत आली ती गाल फुगवूनच.

“मामा, आईच्या ऑफिसातला कॉम्प्युटर बिघडलाय.”

“का गं? काय झालं?”

“मला त्याच्या पडद्यावर आपल्या मनीचा फोटो लावायचा होता. आईला गंमत म्हणून! पण तो ऐकतच नाही. फोटो निवडायचं बटण करडं पडलंय, दाबलंच जात नाही. आणि वर काय लिहिलंय, तर म्हणे काही सेटिंग्ज तुमची संस्था सांभाळते. टेबल आईचं, काम आई करते, मग ही संस्था मध्येच कुठून टपकली?”

प्रश्न अगदी रास्त होता. कॉम्प्युटर मुळीच बिघडलेला नव्हता. उलट तो सांगितलेलं चोख करत होता. फक्त सांगणारी माझी भाची नव्हती, ताईही नव्हती. सांगणारा होता दुसऱ्याच खोलीतला एक कॉम्प्युटर!

तुमचा हा काका ऑफिसांमधली कॉम्प्युटरची जाळी, म्हणजे नेटवर्क, सांभाळण्याचंच काम करतो हे तुम्हाला ठाऊक आहेच. तेव्हा म्हटलं, या आठवड्यात घरच्याच मैदानावर खेळू या.

तेच काम तीनशे वेळा

समजा, एका ऑफिसात ३०० कॉम्प्युटर आहेत. साहेबांनी ठरवलं, की कोणी जागेवरून उठून गेलं तर १० मिनिटांनी पडदा आपोआप बंद व्हावा आणि पासवर्ड दिल्याशिवाय उघडू नये. आता हे प्रत्येक कॉम्प्युटरवर जाऊन करायचं. त्या जागेवरच्या माणसाला उठवायचं, खुर्चीवर बसायचं, सेटिंग शोधायचं, बदलायचं, तपासायचं. एकेकाला १० मिनिटं धरा. करा बरं गुणाकार! ३,००० मिनिटं, म्हणजे ५० तास. रोज आठ तास राबलात तरी सहा दिवस पुरायचे नाहीत. आणि सातव्या दिवशी साहेब म्हणाले, “१० नको, ५ मिनिटं करा,” तर? पुन्हा पहिल्यापासून श्रीगणेशा!

बरं, एवढं करूनही दोन-चार कॉम्प्युटर राहून जातातच. कोणी रजेवर असतं, कोणाची खोली कुलूपबंद असते. आणि चोर नेमका त्या राहून गेलेल्या दारातूनच शिरतो.

म्हणून एक युक्ती निघाली. विंडोज ९५ च्या काळात तिचं लहानसं रूप आलं होतं. मग फेब्रुवारी २००० मध्ये मायक्रोसॉफ्टने विंडोज २००० बाजारात आणलं आणि त्याबरोबर दोन गोष्टी आणल्या. एक ‘अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी’ आणि दुसरी ‘ग्रुप पॉलिसी’. जगभरातली असंख्य ऑफिसं आजही याच जोडीवर चालतात. नावं अवघड वाटली तरी घाबरू नका. तुम्हाला या दोन्ही गोष्टी शाळेत रोज भेटतात.

हजेरीपट आणि नोटीसबोर्ड

अ‍ॅक्टिव्ह डिरेक्टरी म्हणजे शाळेचा हजेरीपट. ऑफिसात माणसं कोण, कॉम्प्युटर किती, कोण कोणत्या विभागात, याची नोंद तिथे असते. एखाद्या कॉम्प्युटरला त्यात रीतसर दाखल करून घेतलं, की तो त्या ‘डोमेन’चा झाला. जसा दाखला जमा करून तुम्ही शाळेचे विद्यार्थी होता, तसाच. हा हजेरीपट ज्या कॉम्प्युटरवर असतो त्याला म्हणतात ‘डोमेन कंट्रोलर’. सकाळी ताई पासवर्ड टाकते, तेव्हा तो बरोबर की चूक हे ठरवणारा हाच.

आणि ग्रुप पॉलिसी म्हणजे नोटीसबोर्ड. त्यावर नियम लावायचे. पडदा किती मिनिटांनी बंद व्हावा, पासवर्ड निदान किती अक्षरांचा असावा, पेन ड्राइव्ह चालावा की नाही, पडद्यावर कोणतं चित्र असावं. असे हजारो नियम लावता येतात. काही नियम कॉम्प्युटरसाठी असतात. त्याच्यासमोर कोणीही बसो, ते लागू. काही नियम माणसासाठी असतात. ताई कोणत्याही टेबलावर जाऊन बसो, ते तिच्या मागोमाग येतात.

आता गंमत बघा. तुम्हाला वाटेल, डोमेन कंट्रोलर एकेका कॉम्प्युटरला हाक मारून नियम सांगत असेल. तसं नसतं! तो आपला शांत बसून असतो. कॉम्प्युटरच त्याच्याकडे जाऊन विचारतो, “काही नवीन नोटीस?” सुरू होताना विचारतो, कोणी पासवर्ड टाकून आत शिरलं की विचारतो, आणि पुढे साधारण दर ९० मिनिटांनी पुन्हा विचारत राहतो.

साधारण का? तर प्रत्येक कॉम्प्युटर त्या ९० मिनिटांत स्वतःच्या मनाने शून्य ते ३० मिनिटांची भर घालतो. कोणी ९४ मिनिटांनी जातो, कोणी ११७ मिनिटांनी. हा कसला विक्षिप्तपणा? मधल्या सुट्टीत शाळेच्या नळावर काय होतं ते आठवा. सगळे एकदमच धावले की रेटारेटी होते, कोणालाच धड पाणी मिळत नाही. तेच आगेमागे गेले तर सगळे निवांत पितात. कॉम्प्युटरना मुद्दाम आगेमागे पाठवतात ते यासाठीच. ही ९० मिनिटांची गोष्ट लक्षात ठेवा हं, पुढे लागणार आहे!

कोणाचा नियम वरचढ?

“पण मामा, दोन नोटिसा उलटसुलट असल्या तर?” भाचीने विचारलंच.

त्याचीही रीत ठरलेली आहे. नियम चार पायऱ्यांनी लावले जातात. पहिली पायरी त्या कॉम्प्युटरचे स्वतःचे नियम. दुसरी ‘साइट’चे, म्हणजे त्या ठिकाणचे. तिसरी सगळ्या डोमेनचे. आणि चौथी ‘ऑर्गनायझेशनल युनिट’चे, म्हणजे त्या विभागाचे. एकाच गोष्टीबद्दल दोन नियम आले तर जो शेवटी लागतो तो टिकतो. फळ्यावर आधीचं पुसून नवीन लिहावं, तसं.

म्हणजे सगळ्यांत दुबळा नियम कोणाचा? त्या कॉम्प्युटरचा स्वतःचा! कारण तो पहिल्यांदा लिहिला जातो आणि नंतरचे सगळे त्याला पुसू शकतात. मनीच्या फोटोचं बटण करडं पडलं ते यामुळेच.

शाळेचा नियम म्हणतो, मधली सुट्टी २० मिनिटं. पहिलीच्या वर्गाचा नियम म्हणतो, लहान मुलांना ३० मिनिटं. मग पहिलीला ३० मिनिटंच मिळणार. जवळचा नियम जिंकतो. पण मुख्याध्यापकांनी एखाद्या नोटिशीवर ‘सक्तीची’ असा शिक्का मारला, तर वर्गाने काहीही ठरवलं तरी चालायचं नाही. ग्रुप पॉलिसीतही असा शिक्का असतो. तो जपून वापरायचा असतो, एवढंच.

माझी फजिती

आता एक कबुली देतो. ही गोष्ट ऐकून भाची आधी हसली आणि मग गप्प झाली.

काही वर्षांपूर्वी मी एका ऑफिसचं नेटवर्क पाहत होतो. तिथे नव्या लोकांना शिकवण्यासाठी २० कॉम्प्युटरची एक खोली होती. बाहेरून येणारे आपले पेन ड्राइव्ह खुपसत आणि व्हायरस सोडून जात. म्हणून मी नियम तयार केला, की इथे पेन ड्राइव्ह चालणार नाही. नियम उत्तम होता. फक्त तो त्या खोलीच्या विभागाला जोडायच्या ऐवजी मी वरच्या पायरीला, अख्ख्या डोमेनला जोडला. घाईत एक ओळ वर क्लिक झालं, बस्स. आणि मी चहाला गेलो.

अर्ध्या तासात पहिला फोन आला. एका टेबलावरचा पेन ड्राइव्ह चालेना. मला वाटलं, पेन ड्राइव्हच खराब असेल. थोड्या वेळाने दुसरा फोन, वेगळ्या मजल्यावरून. मग तिसरा. पावसाचे टपोरे थेंब पडावेत तशा तक्रारी सुरू झाल्या. एक इथे, एक तिथे. कोणी म्हणालं, नक्की व्हायरस आहे, पसरतोय! मीही घाबरलो. व्हायरस शोधण्यात तासभर घालवला.

मग एकदम डोक्यात प्रकाश पडला. ९० मिनिटं! कॉम्प्युटर आगेमागे जाऊन नोटीस वाचत होते, म्हणून तक्रारी आगेमागे येत होत्या. पसरत होता तो व्हायरस नव्हता. पसरत होती माझीच चूक!

जोडणी ताबडतोब काढली. पण ‘नोटीस रद्द’ हे कळायलाही कॉम्प्युटरना तेवढाच वेळ लागणार. मग काय, धावत जाऊन महत्त्वाच्या टेबलांवर ताबडतोब नोटीस वाचायला लावणारी आज्ञा दिली. तरी व्हायचं ते होऊन गेलं होतं. तो महिन्याचा शेवटचा दिवस होता. हिशेब विभागातून पगाराची फाइल पेन ड्राइव्हवर घालून बँकेत जायची. ती गेली, पण बँकेची वेळ टळून गेल्यावर. सगळ्यांचा पगार एक दिवस उशिरा झाला.

एक दिवस म्हणजे काय मोठंसं, असं मला वाटलं. संध्याकाळी तिथले शिपाईकाका भेटले. त्यांच्या मुलीची परीक्षेची फी भरायचा तो शेवटचा दिवस होता. बिचाऱ्यांनी शेजाऱ्याकडून उसने पैसे घेऊन फी भरली होती. माझ्यावर ओरडले नाहीत. फक्त म्हणाले, “साहेब, तुमचं एक बटण, पण आमची किती धावपळ!”

ते वाक्य मी विसरलेलो नाही. दुसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर चूक कबूल केली. आणि स्वतःसाठी तीन नियम केले. कोणतीही नोटीस आधी दोनच कॉम्प्युटरवर लावून बघायची. ती कुठे जोडतोय ते मोठ्याने वाचायचं. आणि काय बदललं ते वहीत तारीख-वेळेसह लिहायचं. आजही ती वही माझ्या टेबलावर असते.

घानामधला एक कॉम्प्युटर

माझी चूक एका ऑफिसापुरती होती. पण ज्या कॉम्प्युटरच्या हाती सगळ्यांच्या किल्ल्या, तोच गेला तर काय होतं? याची खरी गोष्ट ऐका.

२७ जून २०१७. डेन्मार्क देशात कोपनहेगन शहरात मर्स्क नावाच्या कंपनीचं मुख्य ऑफिस आहे. समुद्रावर कंटेनर वाहून नेणाऱ्या जगातल्या सर्वांत मोठ्या कंपन्यांपैकी ही एक. त्या दिवशी तिथे एकामागून एक पडदे काळे पडू लागले. ‘नॉटपेट्या’ नावाचा घातकी प्रोग्रॅम शिरला होता. तो आला युक्रेनमधून. तिथे हिशेबासाठी वापरल्या जाणाऱ्या एका सॉफ्टवेअरच्या अपडेटमध्ये हल्लेखोरांनी त्याला लपवलं होतं.

तो पसरला कसा? एक तर विंडोजमध्ये एक भोक होतं. ते बुजवणारी दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने मार्च २०१७ मध्येच दिली होती, पण जगातल्या कितीतरी कॉम्प्युटरवर ती बसवलीच नव्हती. अशा एका कॉम्प्युटरमध्ये शिरलं, की तिथल्या स्मृतीत राहिलेले पासवर्ड तो चोरायचा. त्यांत नेटवर्क सांभाळणाऱ्याचा मोठा पासवर्ड सापडला, की झालं! मग दुरुस्ती केलेल्या कॉम्प्युटरचीही दारं त्याला उघडी. दिसायला तो खंडणी मागायचा, पण पैसे देऊनही काही परत मिळायचं नाही. तो नासधूस करायलाच बनवलेला होता.

या तडाख्याची झळ आपल्या दारापर्यंत आली. नवी मुंबईजवळ न्हावा शेवा इथे जवाहरलाल नेहरू बंदर आहे ना, तिथलं एक टर्मिनल मर्स्कच्याच समूहातली कंपनी चालवत होती. तिथलंही काम कोलमडलं. कोणता कंटेनर कोणाचा हे सांगणारे कॉम्प्युटरच मुके झाले, तर क्रेनवाल्याने करायचं काय?

आता खरी गंमत, किंवा खरी भीती म्हणा. मर्स्ककडे जगभरात सुमारे १५० डोमेन कंट्रोलर होते. सगळ्यांकडे हजेरीपटाची प्रत. एक बंद पडला तर दुसऱ्याने काम चालवायचं, अशी सोय. पण सगळेच एकदम जातील असं कोणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं. आणि नेमकं तेच झालं. हजेरीपटच नाही, तर कोण आपला आणि कोण परका हे ठरवायचं कसं? कंपनी पुन्हा उभी करायची कुठून?

शोधता शोधता एक सापडला. आफ्रिकेतल्या घाना देशातला. हल्ला झाला त्या वेळी तिथली वीज गेली होती! कॉम्प्युटर बंद होता, नेटवर्कवर नव्हता, म्हणून वाचला. आपण लोडशेडिंगला किती नावं ठेवतो! तिथे मात्र गेलेल्या विजेने लाज राखली.

पण तो हजेरीपट इंग्लंडमधल्या ऑफिसात आणायचा कसा? घानातलं इंटरनेट इतकं हळू, की पाठवायला कित्येक दिवस लागले असते. तिथल्या कर्मचाऱ्यांकडे ब्रिटनचा व्हिसा नव्हता. मग रिले शर्यत झाली. घानाच्या कर्मचाऱ्याने ती डिस्क विमानाने नायजेरियात नेली, तिथे दुसऱ्याच्या हातात दिली आणि तो लंडनच्या विमानात बसला. ‘वायर्ड’ मासिकात २०१८ मध्ये ही हकिकत सविस्तर छापून आली.

पुढे जानेवारी २०१८ मध्ये मर्स्कच्या अध्यक्षांनी जाहीरपणे आकडे सांगितले. १० दिवसांत ४,००० सर्व्हर आणि ४५,००० कॉम्प्युटर नव्याने उभे करावे लागले. त्या काळात माणसांनी हाताने, कागदावर लिहून बहुतेक माल हलवला. तरीही कंपनीला २५ ते ३० कोटी डॉलरचा फटका बसल्याचा तिचाच अंदाज होता.

यातून आम्ही नेटवर्कवाले काय शिकलो? मोठी किल्ली रोज खिशात घेऊन फिरायची नाही. मी स्वतः ईमेल वाचतो, लिहितो ते साध्या खात्यातून; मोठं खातं फक्त गरजेपुरतं आणि ठरावीक कॉम्प्युटरवरच. दुरुस्त्या वेळेवर सगळीकडे पोचल्या पाहिजेत. आणि हजेरीपटाची एक प्रत नेटवर्कपासून तोडून, वेगळी ठेवायची. विजेच्या भरवशावर नाही!

मग मनीचं काय?

भाची बराच वेळ विचार करत होती. मग म्हणाली, “पासवर्डचं पटलं. पेन ड्राइव्हचंही पटलं. पण मांजराच्या फोटोने कोणती जहाजं बुडणार आहेत?”

खरं सांगू का दोस्तांनो? बुडणार नाहीत. काही नियम सुरक्षेचे असतात, काही नुसते टापटिपीचे. ताईच्या ऑफिसात काउंटरवरचे पडदे लोकांना दिसतात, म्हणून सगळीकडे एकच चित्र ठेवलं असेल. ते पटलं नाही तर विचारता येतं. “हा नियम कशासाठी?” हा प्रश्न उद्धट नाही. नियम करणाऱ्याकडे त्याचं उत्तर असायलाच हवं. पण चोरून कुलूप उघडायला जाऊ नये, कारण त्या कुलपामागे आपल्या एकट्याचं सामान नसतं.

आता तर घरून काम करणाऱ्यांचे लॅपटॉप आणि ऑफिसचे मोबाइलही इंटरनेटवरून असेच दुरून सांभाळले जातात. तुमच्या शाळेच्या टॅबलाही असाच एखादा नोटीसबोर्ड असेल. तेव्हा बटण करडं दिसलं, की कॉम्प्युटर बिघडला म्हणू नका. कोणीतरी कुठेतरी नोटीस लावली आहे, एवढं ओळखा.

मनीचा प्रश्नही सुटला बरं का! भाचीने मनीचा फोटो छापून आणला आणि ताईने तो पडद्याच्या शेजारी चिकटवला. कागदाच्या फोटोला ग्रुप पॉलिसी लागत नाही!

डोकं चालवा

हिशेब विभागातल्या एका कॉम्प्युटरचा स्वतःचा नियम सांगतो, पडदा कधीच बंद करू नका. साइटचा नियम सांगतो ३० मिनिटांनी, डोमेनचा १५ मिनिटांनी आणि हिशेब विभागाचा ५ मिनिटांनी.

१) पडदा किती मिनिटांनी बंद होईल?

२) डोमेनच्या नियमावर ‘सक्तीचा’ शिक्का मारला तर किती मिनिटांनी?

उत्तरं पुढच्या अंकात. तोवर शाळेचा नोटीसबोर्ड एकदा नीट वाचा. त्यावरच्या प्रत्येक नियमाचं कारण सांगता येतं का, ते वहीत लिहून बघा. भेटू पुढच्या आठवड्यात!